नववी ‘ब’च्या रद्द झालेल्या नाट्यवाचनाबद्दल संचालक मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, संचालक मंडळाचे सर्व सदस्य आणि पालक-शिक्षक संघाचे पदाधिकारी यांना,

स.न.वि.वि.

स्नेहसंमेलनाला चार दिवस उरले होते. तिसरा तास संपवून स्टाफरूममध्ये आले तर शिपाईमामांनी सूचनावही पुढे धरली. दोन वाक्यं होती. काही पालकांच्या भावना लक्षात घेऊन नववी ‘ब’चं नाट्यवाचन कार्यक्रमातून वगळलं आहे, हे पहिलं. यापुढे वर्गात भीती किंवा संशय निर्माण करणारं अवांतर साहित्य घेऊ नये, हे दुसरं. मी सही केली. सूचनावहीतली सही ही वाचल्याची पोच असते, मान्यता नव्हे, हे आपणही जाणता.

त्यानंतर मुख्याध्यापकांकडे दोनदा लेखी अर्ज दिला. दोन्ही वेळा उत्तर एकच, तेही तोंडी: “वरून आलंय, बाई.” वर म्हणजे आपण. म्हणून हे पत्र थेट आपल्याला, आणि चारचौघांत. शाळेचं आणि गावाचं नाव मी यात घातलेलं नाही. नाव घातलं की लोक विषय सोडून नावाच्या मागे लागतात. वर्गात महिना-दीड महिना आम्ही याच गोष्टीबद्दल बोलत होतो.

आधी ते वाचन कसलं होतं ते सांगते, कारण नोटीस काढणाऱ्यांपैकी कुणी ते वाचल्याचं मला तरी दिसलं नाही.

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘द ट्वायलाइट झोन’ नावाची मालिका लागायची. तिचा एक भाग ४ मार्च १९६० रोजी दाखवला गेला, ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’. लेखक रॉड सर्लिंग. पंचवीसेक मिनिटांचा टेलिप्ले, म्हणजे टीव्हीसाठी लिहिलेलं नाटक. एक साधी गल्ली आहे, पोरं खेळताहेत, कुणी गाडी पुसतोय. आकाशातून काहीतरी लखलखत जातं आणि वीज, फोन, गाड्या सगळं बंद पडतं. चौदा वर्षांचा एक मुलगा म्हणतो, मी गोष्टीत वाचलंय, परग्रहावरचे लोक येण्याआधी माणसांसारखं दिसणारं एक कुटुंब पुढे पाठवतात. झालं. तेवढ्यात एकाची गाडी आपोआप सुरू होते. शेजारीण सांगते, हा रात्री-अपरात्री बाहेर उभा राहून आकाशाकडे बघत असतो. त्याला झोप लागत नाही, एवढंच कारण. पण आता ते कोण ऐकतो? अंधारातून कुणीतरी चालत येतं, एकजण बंदूक चालवतो, आणि मरतो तो शेजारच्या गल्लीत काय झालंय ते बघायला गेलेला त्यांचाच माणूस. शेवटी सगळी गल्ली एकमेकांवर तुटून पडते. परग्रहवासी खरंच आलेले असतात. ते टेकडीवर उभे राहून नुसते बघत असतात. त्यांना दिवे चालू-बंद करण्यापलीकडे काही करावंच लागत नाही.

अमेरिकेतल्या शाळांत हा टेलिप्ले कित्येक वर्षं वाचला जातोय, साधारण आपल्या सातवी-आठवीच्या वयाच्या मुलांकडून.

आमच्या मुलांनी त्याचं मराठी वाचन बसवलं. मेपल स्ट्रीटची चिंचगल्ली झाली. इथं पहिलीच अडचण आली. वीज जाणं ही आपल्याकडे बातमीच नाही. “मॅडम, लाइट गेल्यावर आपल्याकडे कुणी घाबरत नाही, उलट पोरं ओरडत बाहेर येतात,” असं एकजण म्हणाला आणि वर्ग हसला. मग त्यांनीच मार्ग काढला: लाइट जाते, मोबाइलची रेंज जाते, आणि सगळ्या गल्लीत एकाच घरात पंखा फिरत असतो. त्या घरात इन्व्हर्टर आहे हे कुणालाच माहीत नसतं. आकाशाकडे बघणाऱ्या माणसाचे आमच्याकडे गच्चीवर फेऱ्या मारणारे, साखर वाढलेले काका झाले. अंधारातून येणाऱ्याला पहिला आवाज अहिराणीत टाकला गेला, “कोन शे तो?” ते वाक्य म्हणणाऱ्या मुलीनं असं म्हटलं की मी सातव्यांदा ऐकत असूनही अंगावर काटा आला.

वाचताना मी मध्येच थांबवायचे. फळ्याचे दोन भाग केलेले असायचे: एकावर ‘पाहिलं’, दुसऱ्यावर ‘वाटलं’. आत्तापर्यंत गल्लीतल्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं ते मुलांनी डावीकडे लिहायचं, त्यांना काय वाटलं ते उजवीकडे. अर्धं वाचन झालं तेव्हा डावीकडे तीन ओळी होत्या. लाइट गेली. एका घरात पंखा चालू आहे. काका रात्री गच्चीवर असतात. उजवी बाजू खालपर्यंत भरली होती, एका मुलानं कडेला उभं लिहायला सुरुवात केली होती. यावर मी काही भाषण केलं नाही. तास संपल्याची घंटा झाली आणि पुढच्या तासाच्या सरांनी फळा पुसला.

आपण ज्याला भीती आणि संशय निर्माण करणं म्हणता ते एवढंच आहे.

आता मी हे का शिकवते ते सांगते. हे मी आजवर स्टाफरूममध्येही कुणाला सांगितलेलं नाही.

१ जुलै २०१८. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायला घेतली. आपल्यापैकी अनेकांना तो आठवडा आठवत असेल. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर न्यायला आलेल्या पालकांची गर्दी दुप्पट झाली होती.

त्या जुलैमध्ये माझ्या वर्गात एक मुलगा नवीन होता. घरचे लोक गावाबाहेर पाल टाकून राहायचे. शांत पोरगा, अक्षर फार सुंदर. स्वाध्याय पुस्तिकांसाठी जमवलेले ३४० रुपये वर्गातून गेले. वर्गात कुणी काही बोललं नाही, फक्त सगळ्यांच्या माना एका बाकाकडे वळल्या. आणि मी, बी.एड. झालेली, बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झालेली बाई, उठले आणि चाळीस मुलांसमोर त्याच्या दप्तराची झडती घेतली. एक एक वस्तू काढून बाकावर ठेवली. दोन वह्या, पेन्सिलीचा तुकडा, फडक्यात बांधलेली भाकरी, कंपासपेटी म्हणून वापरायचा औषधाचा रिकामा डबा. तोही उघडला. तो काही बोलला नाही. फडकं परत बांधायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला, एवढं मला दिसलं.

पैसे तीन दिवसांनी सापडले. हजेरीपटाच्या प्लास्टिकच्या कव्हरात, मीच ठेवलेले. संध्याकाळी पालांकडे गेले तर तिथं फक्त चुलीचे दगड होते. त्या दिवसांत फिरस्ते लोक एका जागी थांबत नव्हते, आणि का थांबतील? तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. त्याचा दाखलाही कुणी मागायला आलं नाही.

त्याला मारणं तर दूर, मी त्याच्यावर आवाजही चढवला नव्हता. तरी माझ्या डाव्या बाजूला एकही ओळ नव्हती आणि उजवी बाजू भरलेली होती. पुढच्या वर्षी मी मेपल स्ट्रीट वर्गात आणलं. करोनाची वर्षं सोडली तर दरवर्षी घेते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, संहिता कुणी मागितलीच नाही. बावीस पानांची झेरॉक्स आहे, स्टाफरूमच्या कपाटात वरच्या खणात. रद्द करण्याचा अधिकार आपला आहे हे मान्य, पण वाचून रद्द करा.

दुसरी तक्रार त्या तक्रारीबद्दलच. पालकांच्या एका गटात सकाळी मेसेज आला की नववीच्या मुलांना शेजाऱ्यांवर संशय घ्यायला शिकवतात. दुपारपर्यंत त्यात परग्रहवासी आले. संध्याकाळी तो माझ्यापर्यंत पोचला तेव्हा बाई मुलांना कुठल्याशा शक्तीची पूजा शिकवतात असं त्याचं रूप झालं होतं, वर अनेक वेळा पुढे पाठवल्याची खूण. मी आधी हसले. मग रिक्षात शेजारी बसलेल्या ओळखीच्या बाईंनी माझ्याशी बोलणं टाळलं तेव्हा हसू गेलं. मंडळानं या मेसेजची शहानिशा केली का? मला विचारलं का? तक्रार करणाऱ्याचं नाव मला नको आहे. खरंच नको. पण लेखी तक्रार असेल तर तिच्यातला मजकूर मला दाखवायला हवा होता, आणि नसेल तर ‘काही पालक’ म्हणजे नेमके किती आणि त्यांचं म्हणणं काय, एवढं तरी नोटिशीत यायला हवं होतं.

तिसरी भीतीबद्दलची. मुलांना भीतीदायक काही नको हे धोरण असेल तर ते सगळ्यांना सारखं लावा. त्याच संमेलनात पाचवीच्या मुलांनी ‘अलबत्या गलबत्या’तला प्रवेश केला. रत्नाकर मतकरींचं फक्कड बालनाट्य आहे ते, आणि आमच्या चिंची चेटकिणीनं तर मंडप डोक्यावर घेतला. मला त्याबद्दल काहीच म्हणायचं नाही. मी फक्त विचारते की रंगवलेल्या नाकाची चेटकीण चालते, मग चेटकीण ठरवून जिला गावाबाहेर काढतात त्या बाईबद्दल बोलायचं म्हटलं की पोटात गोळा का येतो? सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना डाकीण हा शब्द मी समजावून सांगायला नको. असं कुणाला ठरवणं हा आपल्या राज्यात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हाच विषय घेऊन आर्थर मिलर यांनी ‘द क्रुसिबल’ लिहिलं, १९५३ साली. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये १६९२ साली काही मुलींच्या सांगण्यावरून १९ जणांना फाशी दिली आणि एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं, त्यावरचं नाटक. मिलर लिहीत होते सेलमबद्दल, पण प्रेक्षक बघत होते ते त्यांच्या काळातली कम्युनिस्टांची हुडकाहुडक. तीन वर्षांनी खुद्द मिलरना संसदेच्या समितीपुढे उभं केलं आणि इतरांची नावं सांगायला सांगितलं. त्यांनी सांगितली नाहीत. याची चार पानं मी वर्गात वाचून दाखवते, सगळं नाटक नाही.

वयाचं भान मला आहे, हे आपण गृहीत धरायला हवं होतं. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मी नववीला देत नाही. वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला हळूहळू खरा होत जातो, हे त्याच्याइतकं अंगावर येईल असं मराठीत दुसरं मला माहीत नाही. पण त्यातला आरोप भ्रूणहत्येचा आहे, आणि लीला बेणारेचं सगळं समजायला अजून चार पावसाळे हवेत. (बेणारेबाईही शिक्षिका, आणि त्यांची नोकरी जाते. हे सहज सांगितलं. माझी निवृत्ती सात वर्षांवर आहे.) नववीसाठी टेलिप्लेच बरा. छोट्या पडद्यासाठी लिहिलेला असल्यामुळे जागा एखादीच, माणसं मोजकी, प्रसंग थोडा. खुर्च्या मांडून बसलं की वाचता येतो. रेजिनाल्ड रोज यांचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ही आधी १९५४ साली टेलिप्लेच होता, सिनेमा नंतर आला. आपल्याला तो ‘एक रुका हुआ फैसला’ म्हणून ठाऊक आहे. एका खोलीत बसलेली बारा माणसं एका पोराला फासावर द्यायला निघालेली असतात आणि एकजण म्हणतो, जरा बोलू या. पुढच्या वर्षी तो घ्यायचा विचार होता.

एक गोष्ट माझ्या विरुद्ध जाणारी आहे, तीही सांगते. तालमीत एक मुलगी रडली. कारण लिहिणार नाही, ते तिचं आहे. वाचन सुरू करण्याआधी पालकांना चिठ्ठी पाठवून विषय कळवायला हवा होता, तो मी कळवला नाही. ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्वतः आली आणि तिनं आधी नाकारलेली भूमिका मागून घेतली, म्हणून चूक कमी होत नाही. पण चुकीला उपाय चिठ्ठी आहे, बंदी नाही.

आणि हे परदेशी आहे, आपल्या मुलांना कशाला, असं एक सदस्य म्हणाल्याचं कानावर आलं. (हेही ‘वाटलं’च्या बाजूला लिहिते, कारण मी स्वतः ऐकलेलं नाही.) त्यावर राईनपाड्याबद्दल वर लिहिलंच आहे. १६ एप्रिल २०२० रोजी, लॉकडाऊनमध्ये, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशीच अफवा उठून मारले गेले. मेलेल्यांचे वेश बघून कुणाबद्दल वाईट वाटून घ्यायचं ते ठरवणारे तेव्हा पुष्कळ होते. आमच्या नववीच्या पोरांना मात्र फळ्यावर दोन्ही गावांची ‘पाहिलं’ची बाजू सारखीच रिकामी दिसली. खुद्द सर्लिंगनंही परग्रहवासी हौसेनं आणले नव्हते. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला आणि ज्यूरीनं आरोपींना सोडून दिलं. त्यावरून सर्लिंगनं टेलिप्ले लिहिला, तर प्रायोजकांच्या धाकानं त्यातलं गाव, माणसं, कारण सगळं बदलून गुळगुळीत करण्यात आलं. माणसांबद्दल लिहिलं की कात्री लागते, परग्रहावरच्यांबद्दल लिहिलं की सुटतं, हे तो त्यातून शिकला. आपल्या मंडळाच्या कात्रीतून परग्रहवासीही सुटले नाहीत, याची मात्र त्याला कल्पना नसणार.

शेवटची तक्रार मुलांच्या वतीनं. एकतीस मुलांची सहा आठवड्यांची तालीम चार दिवस आधी काढून घेतली आणि ती वेळ रेकॉर्ड डान्सला दिली. मुलांना कारण कुणी सांगितलं नाही. मला विचारलं तेव्हा मीही सांगू शकले नाही. दिवे घालवण्याचं काम ज्याच्याकडे होतं त्यानं सभागृहाच्या स्विचबोर्डवर खडूनं एक ते नऊ आकडे घातले होते, कुठला कधी बंद करायचा त्याचे. ते अजून तसेच आहेत.

माझ्या मागण्या अशा:

१. सूचनेतलं दुसरं वाक्य मागे घ्यावं. ‘भीती किंवा संशय निर्माण करणारं साहित्य’ या शब्दांत अर्धी मराठी नाटकं बसतात आणि महाभारत तर पूर्णच बसतं.

२. संचालक मंडळ आणि पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधींनी संहिता वाचावी. नंतर हरकत राहिली तर कुठल्या पानावरच्या कुठल्या ओळीला, ते लेखी द्यावं. मी लेखी उत्तर देईन, आणि ओळ खरोखर अयोग्य असेल तर काढेन.

३. परीक्षेपूर्वीच्या एखाद्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, सभागृहात हे वाचन पालकांसमोर होऊ द्यावं. तिकीट नाही, माइक नाही, मंडप नाही. खर्च शून्य. वाचन संपल्यावर मुलांनी आणि पालकांनी समोरासमोर बोलावं. ज्यांनी तक्रार केली त्यांनी तर जरूर यावं, आणि आपणच ती केली हे त्यांनी सांगण्याची गरज नाही.

४. असं कुठलंही नाट्यसाहित्य घेण्याआधी पालकांना विषय कळवणारी चिठ्ठी जावी आणि ज्या मुलाला बसायचं नसेल त्याला कारण न विचारता ग्रंथालयात जाता यावं, असा नियम करावा. चिठ्ठीचा मसुदा मी करून देते.

५. कुठल्याही शिक्षकानं कुठल्याही मुलाच्या दप्तराची झडती वर्गासमोर घेऊ नये, असं परिपत्रक शाळेनं काढावं. वस्तू हरवली तर काय करायचं त्याची रीत त्यात लिहावी: आधी शिक्षकानं आपलं टेबल, आपला हजेरीपट, आपली पर्स तपासावी. त्यावर पहिली सही माझी घ्या.

मुख्याध्यापकांकडे या पत्राची प्रत आजच दिली आहे. संहितेच्या कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे आहे.

आपली नम्र,
नववी ‘ब’ची वर्गशिक्षिका